दवाखाना फुकट, पण भाड्याचं काय?

मागच्या अंकात महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेवर लिहिलं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयावर. उपचार फुकट झाले हे सगळ्यांना मान्य आहे. तिथवर पोहोचायचं कसं, एवढाच बहुतेकांचा सवाल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. एसटीचं तिकीट मात्र २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्क्यांनी वाढलं.

नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात, समाजसेवा विभागात माझी सगळी नोकरी झाली. रुग्ण तारखेला आला नाही की त्याच्या कागदावर लाल शाईत 'डिफॉल्टर' असा शेरा पडायचा. घरी निरोप धाडला की उत्तर यायचं, "ताई, कामं होती." भाड्याला पैसे नव्हते, असं सहसा कोणी तोंडाने बोलत नाही. यावेळी लोकांनी ते लिहून पाठवलंय, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून ही पत्रं घेते. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही सुरगाणा तालुक्यातले. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर महिन्याला नाशिकला सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं. दोघांचं जायचं-यायचं एसटीचं भाडं सहाशेच्या घरात जातं. माझा रोज बुडतो तो वेगळा. दिंडोरीकडे छाटणीला जातो तेव्हा मुकादम सुट्टी देत नाही. मध्ये दोन महिने नेलंच नाही, तर त्याचे हातपाय फार दुखले. काही मदत मिळेल का?

उत्तर : भाऊ, तुमच्या मुलाचं तिकीट लागायलाच नको. सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिस या चार प्रकारच्या रुग्णांना उपचारासाठी एसटीच्या साध्या बसने मोफत प्रवास आहे. ही सवलत बरीच वर्षं चालू आहे, तरी सुरगाणा-पेठच्या गाड्यांत पूर्ण तिकीट काढणारी सिकलसेलची पोरं मी कायम पाहत आले.

त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. पुढच्या खेपेला सिव्हिलला गेलात की औषधाच्या रांगेत उभं राहण्याआधी समाजसेवा विभागात जा आणि दाखल्याचं काम आधी सांगा. दुपारी औषधं हातात पडल्यावर सही घ्यायला गेलं की साहेब उठलेले असतात आणि दाखला पुढच्या महिन्यावर जातो. सोबत आधार कार्ड, सिकलसेलच्या तपासणीचा रिपोर्ट, जुने केसपेपर आणि मुलाचे दोन फोटो ठेवा. दाखल्यावर आजाराचं नाव स्पष्ट लिहिलंय ना, गोल शिक्का उमटलाय ना, हे टेबलापासून हलण्याआधी बघा. मग सुरगाण्याच्या बसस्थानकावर आगाराच्या माणसाला तो एकदा दाखवून "एवढ्यावर चालेल ना?" असं विचारून घ्या. आगाराला त्यांच्याच नमुन्यातला कागद हवा असेल, तर तो कोरा फॉर्म तिथूनच मागा आणि रुग्णालयातून भरून आणा. दाखला पाहिलेलाच नसेल असा कंडक्टर एखादवेळी भेटतो. त्याच्याशी वाद घालू नका. मशीनमधून तिकीट निघण्याआधी कागद पुढे करा. तिकीट एकदा निघालं की तो तरी काय करणार?

आता सोबत कोणी जायचं? शक्य असेल तेव्हा मुलासोबत त्याच्या आईला पाठवा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे मुलाचं शून्य आणि आईचं जाऊन-येऊन साधारण दीडशे. सहाशेचे दीडशे होतात. तिचाही रोज बुडेल हे मला कळतं. मुकादम बाईला तुमच्यापेक्षा कमी मजुरी देतो हेही कळतं आणि तो हिशेब इथे मांडावा लागतोय याचा रागही येतो. पण आज तुमच्या हातात एवढंच आहे.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते फेरी वाचली तर. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, हीच गोळी आम्हाला सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळेल का? नाशिकला किती महिन्यांनी आणू?" माणसं हे विचारायला घाबरतात, डॉक्टरला राग येईल असं वाटतं. राग येत नाही. समोरच्याला सुरगाणा किती लांब आहे हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, ते तपासणी आणि उपचार आदिवासी तालुक्यांपर्यंत पोहोचावेत यासाठीच. तेव्हा गावाजवळ गोळी मागणं हा काही आगाऊपणा नाही. गोळी तिकडे मिळणार असेल, तर तसं केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सुरगाण्यात कोणी ऐकणार नाही.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल धरलेला आहे. सिव्हिलच्या दिव्यांग मंडळासमोर तपासणी करून घ्या. दिव्यांगत्वाचे टक्के किती भरतील ते तपासणीवर. ४० किंवा त्याहून जास्त भरले तर पुढे पेन्शनपासून शिक्षणापर्यंत बऱ्याच ठिकाणी दिव्यांग कार्ड उपयोगी पडतं. ६५ च्या वर गेले तर सोबतच्या माणसालाही एसटीत अर्धं तिकीट होतं.

हातात एक रुपयाही नाही आणि तारीख उद्यावर आली, असं कधी झालं तर आशाताईंना गाठा. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला निधी मिळतो. अगदी गरीब घरातल्या रुग्णाच्या अडचणीला तो वापरता येतो. बऱ्याच गावांत तो फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि सतरंज्यांवर संपतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा.

मुलाला ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा अंगदुखी गोळीने थांबेना, तर तारखेची आणि बसची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट आहे.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. वय बावन्न. वडील नाहीत. मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवतो. लासलगावहून रेल्वेने जातो. मी कांद्याच्या खळ्यावर कामाला आहे. रेल्वेच्या सवलती करोनानंतर बंद झाल्या असं स्टेशनवर एकाने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच लोकांचं नुकसान होतंय. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बऱ्याच सवलती थांबवल्या, त्यात ज्येष्ठ नागरिकांची गेली. रुग्णांची, दिव्यांगांची आणि विद्यार्थ्यांची चालू राहिली. तुम्हाला सांगणारा माणूस बहुधा स्वतःच्या म्हातारपणाच्या सवलतीवर चिडलेला असणार.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत मूळ भाड्यात १०० टक्के सूट आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के. म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर आईचं तिकीट अगदी शून्य होणार नाही, कारण ती बसून जायची गाडी. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपर मिळाला तर शून्याच्या जवळ जाईल. 'जवळ' म्हणते, कारण आरक्षणाचा आणि सुपरफास्टचा आकार सुटत नाही. तरीसुद्धा केमो झालेल्या बाईला परतीच्या प्रवासात आडवं होता येतं, हा फायदा पैशापलीकडचा आहे. येताना स्लीपरच बघा.

यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. टाटात रोज अशा प्रमाणपत्रांचा ढीग निघतो, त्यामुळे कोणाला समजावून सांगायची गरज पडणार नाही. कुठून कुठे हे लिहिताना स्टेशनचं नाव नीट सांगा. लासलगावहून चढणार असाल तर लासलगावच लिहून घ्या. नाशिकरोड लिहिलं की खिडकीवर अडतं. तिकीट मोबाईलवर निघत नाही, आरक्षणाच्या खिडकीवरच काढायचं. एक प्रमाणपत्र एका प्रवासाला. तेव्हा पुढची तारीख मिळाली की पुढचं प्रमाणपत्र घेऊनच परळ सोडायचं.

राहायचा खर्च भाड्यापेक्षा मोठा असतो, तो तुम्ही विचारलेला नाही, पण सांगते. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. दोन्हीकडे बाहेरगावच्या रुग्णांची सोय अगदी कमी पैशात होते. जागेला रांग असते. टाटातल्या समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन जा, नुसतं दारात उभं राहून काही होत नाही. रुग्णालयाबाहेर फुटपाथवर संसार मांडलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या बऱ्याच जणांना समाजसेवा विभाग कुठल्या मजल्यावर आहे तेही कोणी सांगितलेलं नसतं.

टाटाच्या डॉक्टरांना एवढं विचारा, की ठरवून दिलेली केमो नाशिकला घेतली तर चालेल का. शालिमारला आपलं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे कर्करोगाचा विभाग आहे. काही रुग्णांना ते हो म्हणतात, काहींना नाही म्हणतात. तो निर्णय त्यांचा. पण हो म्हणाले तर मुंबईच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील.

आणि आईच्या नावाने तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. त्या विधवा आहेत आणि कर्करोगाच्या रुग्णही आहेत, दोन्ही बाजूंनी बसतात. महिन्याला १,५०० रुपये खात्यात येतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! यात कुठलं घर चालतं, हे मी एका तहसील कचेरीत विचारून पाहिलं होतं. कारकून हसला आणि म्हणाला, "मॅडम, दाखला आणा फक्त." अर्ज करून ठेवा. पैसे भाड्याचे म्हणून मिळत नसले तरी जातात भाड्यालाच.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. फुले योजनेतून नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झाली. एक पैसा लागला नाही. पण रात्री आठ वाजता सुट्टी दिली. येवल्याला जायला खासगी गाडी करावी लागली, अडीच हजार घेतले. तुमच्या लेखात वाचलं की घरी जायचं भाडं योजनेत असतं. रुग्णालयाने तर "असं काही नसतं" म्हणून उडवून लावलं.

उत्तर : असतं. योजनेच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण यांच्यासोबत रुग्णाला रुग्णालयातून घरी जाण्याचं एका वेळचं भाडं धरलेलं आहे. ते भाडं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं, आणि फक्त रुग्णाचं. बिल योजनेकडून रुग्णालयाला जातं, त्यात ही रक्कमही आलेली असते. त्यामुळे ती रुग्णाच्या हातावर ठेवणं हे उपकार नाहीत.

पण दादा, खरा हिशेब पुढे आहे. येवला-नाशिक एसटीचं तिकीट दीडशेच्या आसपास. म्हणजे हट्टाने मागितलं असतं तर दीडशे मिळाले असते, अडीच हजार नव्हे. आणि गंमत बघा, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकटच आहे, नुसतं आधार कार्ड दाखवायचं. तुमचे पैसे गेले ते भाड्याने नाही, रात्रीच्या आठ वाजण्याने गेले.

सुट्टीची वेळ ही मागायची गोष्ट आहे. डॉक्टर सकाळी राउंडला येतात तेव्हा म्हणतात, "उद्या सोडू." त्याच क्षणी विचारायचं, "किती वाजता? आम्हाला येवल्याला जायचंय, दुपारच्या आत कागद द्या." मग आरोग्यमित्राला जाऊन सांगायचं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याचं काम तेच आहे. सुट्टीच्या दिवशी योजनेच्या कागदांवर सह्या, फोटो, डिस्चार्ज कार्ड, पुढच्या दहा दिवसांची औषधं असं सगळं असतं आणि ते दुपारी चारनंतर सुरू झालं की रात्र ठरलेली. ऑफिसातलं काम आहे, ढकललं तर सकाळीही होतं. रात्रीच सोडत असतील तर "सकाळपर्यंत थांबू द्या, रात्री गाडी नाही" असं स्पष्ट म्हणा. छातीवर टाके असलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री रस्त्यावर काढायची घाई बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. आपण बोलत नाही म्हणून खाट मोकळी केली जाते.

दीडशे रुपयांसाठी तक्रार करायची का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. करा. १५५३८८ हा योजनेचा नंबर आहे. रुग्णालयाचं नाव, सुट्टीची तारीख, भाडं दिलं नाही आणि "असं काही नसतं" असं सांगितलं, एवढं सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुमचे दीडशे येतील न येतील, पुढच्या येवलेकराला तो माणूस तेच वाक्य ऐकवताना जरा अडखळेल.

पुढच्या तपासणीला वडिलांना एसटीने न्यायचं असेल तर मागच्या चाकावरची सीट टाळा. टाके कोवळे असताना निफाडपासून पुढचे धक्के सहन होत नाहीत.

प्रश्न : सिन्नरहून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नाशिकला येतो. येताना एसटीने येतो. जाताना अंगात त्राण नसतं, बसची वाट बघवत नाही, मग गाडी करतो. कंपनीतली नोकरी सुटली आहे.

उत्तर : सुरगाण्याच्या भावांना लिहिलेला एसटीचा दाखला तुम्हालाही लागू आहे, तो आधी काढा. डायलिसिस करणाऱ्या केंद्राचा कागद जोडा. येणं फुकट झालं की परतीच्या गाडीला थोडे पैसे राहतील.

परतीसाठी केंद्रातल्या सिस्टरला एक विचारा, "सिन्नर, शिंदे, पळसे बाजूचं अजून कोण येतं?" डायलिसिसचे रुग्ण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येतात. एकाच बाजूचे तिघे एका शिफ्टला लागले तर एक रिक्षा तिघांत होते. सिस्टरला वेळा बदलणं जड जात नाही, फक्त कोणीतरी सुचवावं लागतं. मी नोकरीत असताना अशा जोड्या लावल्या आहेत आणि त्यातल्या एका रिक्षावाल्याने पुढे आपणहून भाडं कमी केलं.

तालुक्याजवळ सरकारी केंद्रात जागा निघते का, यासाठी सिव्हिलच्या डायलिसिस विभागात नाव सांगून ठेवा आणि अधूनमधून फोन करत राहा. यादीत नाव असणं आणि लक्षात असणं यात फरक आहे.

प्रश्न : पेठ तालुक्यात राहते. नवऱ्याला टीबी निघाला. गोळ्या फुकट आहेत. तपासणीला जायचे पैसे मिळतात असं आशा म्हणाली.

उत्तर : बरोबर म्हणाली. पेठ हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका. अशा आदिवासी भागातल्या टीबी रुग्णाला प्रवासासाठी एकदाच ७५० रुपये मिळतात. शिवाय पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये. आधी हे ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. दोन्ही रकमा बँक खात्यातच येतात. नवऱ्याचं खातं चालू आहे का, आधार जोडलेलं आहे का, हे आजच बघा. खातं बंद पडलंय म्हणून पैसे परत गेलेले मी फार पाहिलेत. गोळ्या मात्र पैसे येवोत न येवोत, एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

प्रश्न : बहिणीचं बाळंतपण आहे, त्र्यंबकेश्वर तालुका. मागच्या वेळी गाडीवाल्याने घरी सोडताना डिझेलचे पैसे मागितले होते.

उत्तर : द्यायचे नाहीत. गरोदर बाईला घरून दवाखान्यात नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं, तिन्ही फुकट आहे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात हे २०११ पासून आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर त्याच्यासाठीही तीच गाडी. नंबर १०२. आशाताईचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर नववा महिना लागताच फोनमध्ये घालून ठेवा. रेंज जिथे येते त्या टेकाडावर कोण धावणार तेही घरात ठरवून ठेवा. पुन्हा पैसे मागितले तर गाडीचा नंबर टिपून १०४ ला सांगा किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दोन ओळींचा अर्ज द्या. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्यायची.